कातडी म्हणजे काही भांडं नव्हे!

वाचकहो, आज थोडं चिडूनच लिहिते आहे.

थंडी सुरू झाली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक विषय हमखास निघतो. कुणाच्या तरी पोरीच्या दंडावर बारीक बारीक पुटकुळ्या आहेत, हात फिरवला तर कातडी खरखरीत लागते, काय करावं? की लगेच उत्तरांचा पाऊस! बेसन-दही लावा. लिंबू आणि साखर चोळा. खायचा सोडा पाण्यात कालवून घासा. वजरीने घासा. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : "नैसर्गिक आहे, करून पाहायला काय हरकत आहे?"

हरकत आहे. एक नाही, तीन आहेत.

पहिली हरकत त्या 'नैसर्गिक' शब्दालाच. आमच्या पवनीच्या आसपासच्या जंगलात बिबा होतो. त्यातली गोडंबी आपण आवडीने खातो. पण त्याच बिब्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करायचे, त्या धुऊनही जात नसत. आता सांगा, बिब्यापेक्षा नैसर्गिक काय असतं? नैसर्गिक म्हणजे ती वस्तू कुठून आली एवढंच कळतं. ती अंगावर काय करील, ते त्या शब्दातून कळत नाही.

लिंबाचंच घ्या. आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला सामू शिकवायचे. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, आपल्या कातडीचा साधारण ५, आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. म्हणजे सकाळी आम्ल चोळायचं आणि संध्याकाळी अल्क! शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. पुटकुळ्या राहिल्या बाजूला, वर डाग पदरात.

दुसरी हरकत अशी की बहुतेक वेळा तिथे बरं करण्यासारखं काही नसतंच. दंडाच्या मागच्या बाजूला, मांड्यांवर ज्या बारीक पुटकुळ्या असतात, त्यांना डॉक्टर केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. नाव भारदस्त, गोष्ट साधी. कातडीत केराटिन नावाचं द्रव्य असतं. ते केसांच्या मुळांशी साचतं आणि बारीक बूच बसतं. किशोरवयातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींना हे कमीजास्त असतं. आईवडिलांकडून येतं, कोरड्या हवेत वाढतं आणि वय वाढलं की बहुधा आपसूक कमी होतं. तो मळ नाही. मळच नाही तर घासून निघणार काय? घासल्याने कातडी चिडते, लाल होते आणि पुटकुळ्या आणखी उठून दिसतात.

आमच्या नात्यात एका पोरीला 'पाहायला' येणार होते. बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. आठवडाभर तिचे दंड लिंबू-सोड्याने घासून काढले. पाहुणे आले तेव्हा पोरगी उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून बसलेली, कारण आत सालटं निघालेली होती. तिच्या सख्ख्या भावाच्या दंडावरही तश्शाच पुटकुळ्या आहेत. त्याला आजवर कुणी बेसन लावलेलं मी पाहिलं नाही! या उपायांचं खरं दुखणं इथे आहे, मंडळी. उपाय कातडीवर होत नाही, पोरीच्या मनावर होतो. 'तुझ्यात काहीतरी खोट आहे' हे तिला दररोज आंघोळीच्या वेळी शिकवलं जातं.

तिसरी हरकत सगळ्यांत मोठी. खरखरीत कातडी सारखी दिसली तरी कारण एकच नसतं. लेप मात्र सगळ्यांना एकच!

कोपर, गुडघे यांच्यावर काटेरी, बेडकाच्या पाठीसारखी कातडी झाली असेल तर त्याला फ्रिनोडर्मा म्हणतात. ते बहुधा पोषण कमी पडल्याचं लक्षण असतं. तेलातली आवश्यक स्निग्धाम्लं, अ आणि ब जीवनसत्त्वं कमी पडली की होतं. अशा पोराला वरून दही चोळून काय होणार? त्याच्या ताटात तेल, पालेभाजी, अंडं, दूध पडायला हवं. आपल्या विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होती. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ स्निग्धाम्ल असतं. लेपाच्या गप्पा मारणाऱ्या किती घरांत आज जवस आहे?

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. आपला भंडारा जिल्हा, शेजारचे गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, म्हणून 'दूरीकरण' झालं असं जाहीर झालं. लोकांनी त्याचा अर्थ 'संपला' असा घेतला. तो संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. काहींना चट्ट्याऐवजी गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहरा तेलकट चमकतो. आता अशा माणसाने सहा महिने कडुनिंबाचा पाला लावला तर? बधिर जागा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याला वाटतं आराम पडतोय. तोवर आत नसा खराब होतात आणि एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. वेळेत गेलं तर सरकारी दवाखान्यात ६ किंवा १२ महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो!

"आमच्या आजीच्या काळी कुठे होते डॉक्टर?" असं कुणीतरी म्हणणारच. अहो, सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचं तेल सांगितलं आहे. त्याच जातीचं चालमोगऱ्याचं तेल विसाव्या शतकात जगभरचे डॉक्टर वापरत होते. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं आणि ते तेल मागे पडलं, कारण डॅप्सोन जास्त गुणकारी ठरलं. नैसर्गिकाचा इतका मान ठेवूनही वैद्यक पुढे गेलं. आणि जुन्या वैद्यांनी कुष्ठाचेही अठरा प्रकार वेगवेगळे सांगितले होते. आपण मात्र फोटो पाहून लेप सांगतो!

घरगुती काही करूच नये असं माझं म्हणणं नाही. पाणी कोमट घ्या, कढत नको. साबण कमी. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. दोन महिन्यांत खरखर कमी होईल, पुटकुळ्या थोड्या राहतील. राहू द्या. फार वाटलं तर डॉक्टरांना विचारून युरियाचं मलम घ्या.

पण काहीही लावण्याआधी एक करा. डोळे मिटायला सांगा आणि कापसाचा बोळा त्या जागी हलकेच टेकवा. कळला नाही, तर डबे उघडू नका, सरळ दवाखान्यात जा. कळला, तरी गाठी किंवा चट्टे असतील तर दाखवाच. आणि नुसत्या दंडावरच्या बारीक पुटकुळ्या असतील, तर पोरीला सांगा की तुझ्या भावालाही आहेत, आणि तिला बिनबाह्यांचा ड्रेस घालू द्या.

असो. बराच मोठा तास घेतला. कुणाला राग आला असेल तर जरूर लिहा, पण त्या गटावर लिंबू-सोडा पुन्हा पाठवू नका.