मॉरिसचे नटबोल्ट

ज्यांच्या वाड्याच्या पागेंत एखादी जुनी मोटार धूळ खात पडली असेल, त्या वाचकांसाठीं या खेपेचें टिपण आहे. इतरांनीं तें करमणूक म्हणून वाचावें.

औंधास आमच्या दिवंगत चुलत्यांच्या वाड्यांत 1947 सालची एक मॉरिस टेन आहे. 1958 सालीं आमच्या काकू रहिमतपूर स्टेशनावरून याच गाडींतून नव्या नवरीच्या वेषांत औंधांत आल्या. गेल्या दिवाळींत त्या सहज म्हणाल्या, "पौषांत यमाईच्या यात्रेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याच गाडींतून न्याल का रे मला?" काकूंचें वय 85. त्यांचा शब्द मोडण्याची छाती घरांत कोणाला होणार? पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं इंजिन उघडलें.

यंत्र तसें धड होतें. उणीव होती ती नटबोल्टांची. कांहीं हरवलेले, कांहींचे आटे गेलेले. पुतण्यानें माप घेतलें. जाडी 8 मिलिमीटर. तो आनंदानें साताऱ्यास जाऊन डझनभर बोल्ट घेऊन आला. प्रत्येक बोल्ट दोन आटे सरळ गेला आणि अडला. "जरा जोर लावूं का, काका?" असें तो विचारतो तोंच आम्हीं त्याच्या हातांतला पाना काढून घेतला. बाजारांतील नेहमींच्या बोल्टाचे आटे सव्वा मिलिमीटर अंतरानें असतात, या इंजिनाचे एका मिलिमीटरनें. जोर लावला असता तर बोल्टाबरोबर ब्लॉकचेही आटे गेले असते.

गाडी अस्सल इंग्रजी, मग आटे मिलिमीटरचे कसे? आणि आटे मिलिमीटरचे, तर डोक्याला पाना इंग्रजी व्हिटवर्थचा कां लागावा? याचें मूळ पहिल्या महायुद्धांत आहे. हॉचकिस ही फ्रान्समधील तोफा-बंदुकांची कंपनी. जर्मन सैन्य पॅरिसच्या रोखानें येऊं लागलें तेव्हां तिनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें कारखाना काढिला. युद्ध संपल्यावर तोच कारखाना मॉरिससाठीं इंजिनें करूं लागला, व 1923 सालीं मॉरिसनें तो विकतच घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. परंतु इंग्रज मिस्त्र्यांच्या पेटींत पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकीं त्या मापाचीं. ही विजोड सोयरीक पुढें कित्येक वर्षें टिकली. (व्हिटवर्थच्या पान्यावरील आंकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे, नवशिके येथें हटकून फसतात.)

असला बोल्ट दुकानांत कोठून मिळणार? तो करूनच घ्यावयास हवा. 1910 सालीं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपल्या औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि त्या माळावर नांगरांचा कारखाना उभा राहिला. आज तो भाग सांगली जिल्ह्यांत मोडतो. त्या पंचक्रोशींत जन्मभर लेथवर काम केलेले एक वृद्ध मिस्त्री आम्हांला भेटले. जुना बोल्ट त्यांनीं नखानें चांचपला, गेज लावून पाहिला, आणि षट्‌कोनी सळईतून दोन दिवसांत हवे तितके बोल्ट कातून दिले. डोकीं व्हिटवर्थचींच.

दोन बोल्ट मात्र त्यांनीं बाजूला सारले. ते कनेक्टिंग रॉडचे होते.

"हे मी करणार नाहीं," ते म्हणाले. "झांकणाचा बोल्ट तुटला तर तेल गळेल. हा तुटला तर दांडा ब्लॉक फोडून बाहेर येईल. गाडींत म्हातारं माणूस बसणार म्हणतां ना?"

पिस्टन वर जाऊन परत फिरतो त्या क्षणीं त्याची सारी ओढ या दोन बोल्टांवर येते, आणि तीही मिनिटाला हजारों वेळां. साधें मऊ पोलाद तेथें हळूहळू ताणतें आणि एके दिवशीं तुटतें. तेथें मिश्र पोलादाचा, पाणी दिलेला बोल्ट लागतो. त्याचे आटेही कापून नव्हे, दाबून वळविलेले असावे लागतात. पुतण्यानें पुष्कळ वाद घातला, कारण यात्रा पंधरा दिवसांवर आली होती. आम्हीं मिस्त्र्यांचा पक्ष घेतला. काकूंना तें सांगण्याची पाळी आमच्यावर आली. त्या "बरं" एवढेंच म्हणाल्या आणि जपाची माळ ओढूं लागल्या.

एम्.जी. मोटारींतलें त्या काळचें इंजिन याच घराण्याचें. हौशी लोकांमुळें त्याचे सुटे भाग विलायतेंत आजही तयार होतात. तेथून बोल्ट आले, जुन्याशीं ताडून पाहिले, आणि बसविले. तोंवर यात्रा होऊन गेली होती.

माघांत एका मंगळवारीं गाडी निघाली. काकू मागें डाव्या खिडकीशीं बसल्या. त्या दिवशींही आपण याच बाजूला बसलों होतों, असें त्यांनीं सांगितलें, आणि वेशीपाशीं आल्यावर पुतण्याला म्हणाल्या, "अरे, जरा सावकाश ने. तेव्हां मान खालीं घालून बसलें होतें, कांहींच पाहिलें नव्हतें."