न झालेल्या कराराचा हिशेब

नोव्हेंबर २०१९ चा दुसरा शनिवार आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ९ तारखेला अयोध्येचा निकाल आला. मी पुण्याहून महाबळेश्वरला घरी आलो होतो. बाजारात पोलीस होते, पर्यटक नेहमीपेक्षा कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद होती. घरातली सगळी मोठी माणसं एकच गोष्ट सांगत होती, शांत राहा, काही बोलू नका. मुंबईत सरकार कोणाचं येणार याचाही पत्ता नव्हता. अवकाळी पावसानं राज्यभर शेतीची नासाडी केली होती.

त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, बँकॉकमध्ये आणखी एक निर्णय झाला होता. आसियानचे १० देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत अशा १६ देशांच्या व्यापार करारातून, म्हणजे 'आरसेप'मधून, भारत बाहेर पडला. २०१२ पासून चाललेली बोलणी करार न करताच संपवली. आमच्या घरी त्यावर चर्चा झाली ती केवळ योगायोगानं. निकालावर बोलायचं नाही असं ठरल्यावर बोलायला दुसरं काहीतरी हवं होतं!

त्या संध्याकाळी एकाच चटईवर बसलेल्या माणसांची पाच मतं निघाली.

मामू स्ट्रॉबेरी करतात. ते म्हणाले, सुटलो. ताज्या स्ट्रॉबेरीची त्यांना भीती नव्हती, ते फळ इतकं नाजूक की चार दिवसांत हातात पाणी होतं. भीती होती गोठवलेल्या फळाची. हंगामाच्या शेवटी भाव पडतो तेव्हा जॅम आणि क्रश बनवणारे कारखानेच माल उचलतात. जगात सगळ्यात जास्त स्ट्रॉबेरी चीनमध्ये पिकते. तिथला गोठवलेला माल बिनशुल्क आला तर कारखानदार भिलार-पाचगणीच्या शेतकऱ्याकडे कशाला येईल?

त्यांचाच मुलगा लगेच म्हणाला, "पण अब्बा, आपली मातृरोपं कॅलिफोर्नियाहून येतात. बाहेरचं रोप चालतं, बाहेरचं फळ चालत नाही, हे कसं?" मामूंनी उत्तर दिलं नाही. चहा संपवला.

वाईकडचा माझा एक कॉलेजमित्र आला होता. त्याच्या घरी चार म्हशी आणि दोन गाई. त्याला शंकाच नव्हती. न्यूझीलंड आपल्या दुधातलं बहुतेक दूध भुकटी, लोणी, चीज करून निर्यात करतं. आपल्याकडे दूध भुकटीवर ६० टक्के आयात शुल्क आहे. ते उतरलं तर दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्याचं काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, असं तो म्हणाला.

माझ्या अब्बांचं चपलांचं दुकान आहे. त्यांना करार झाला असता तर बरं वाटलं असतं. तळवे, बकला, रेक्झिन, बराचसा माल चीनचाच. तो स्वस्त झाला असता तर हातात दोन पैसे जास्त राहिले असते. वेण्णा तलावावर घोडा चालवणारा चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "हमको कौन पूछता है?"

आणि मी? मी मनातून कराराच्या बाजूचा होतो. सेवाक्षेत्र खुलं व्हावं, आपल्या इंजिनिअरांना त्या देशांत जाऊन काम करणं सोपं व्हावं, अशी भारताची मागणी होती. ती मान्य झाली असती तर माझ्यासारख्याचा फायदा होता. मी जे 'देशाचं हित' म्हणून मांडत होतो, ते बऱ्याच अंशी माझ्या पगाराचं हित होतं. हे मला त्या रात्री कळलं नाही, नंतर कळलं.

दोस्तहो, हा जुना प्रसंग आज सांगायचं कारण आहे. कोणताही प्रश्न आला की आपण आधी बघतो, तो कोण मांडतोय. सरकार म्हणतंय तर विरोध, विरोधक म्हणतायत तर पाठिंबा. गेल्या काही वर्षांत ज्या अनुभवांतून आपली पिढी गेली, त्यातून ही सवय लागली आहे आणि मी तिला हसणार नाही. पण 'आरसेप'च्या बाबतीत ही मोजपट्टी कामाला येत नाही. बोलणी सुरू झाली मनमोहन सिंग सरकारच्या काळात. २०१९ मध्ये काँग्रेसनं विरोध केला. डाव्या शेतकरी संघटनांनी विरोध केला आणि स्वदेशी जागरण मंचानंही केला. पंतप्रधानांनी बाहेर पडताना गांधीजींच्या त्या सुप्रसिद्ध कसोटीचा, शेवटच्या माणसाचा, दाखला दिला. आता सांगा, यात आपण कोणत्या छावणीत उभं राहायचं? इथे स्वतः हिशेब मांडण्याला पर्याय नाही.

तो हिशेब आता मांडता येतो, कारण मधे वर्षं गेली आहेत. उरलेल्या १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. भारतानं वेगळी वाट धरली. संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार केले, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या करारात दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले. म्हणजे माझ्या वाईच्या मित्राची भीती दिल्लीपर्यंत पोचली होती.

पण चीनचा माल थांबला का? २०१८-१९ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांच्या घरात गेली. करार न करता! अब्बांच्या दुकानातले तळवे आणि बकला आजही तिथूनच येतात.

आणि दूध? न्यूझीलंडची भुकटी आली नाही, तरीही आपल्या राज्यात गाईच्या दुधाचे भाव इतके कोसळले की २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. परदेशी भुकटी अडवली हे चांगलंच झालं असं मी आज म्हणतो, माझं तेव्हाचं मत बदललं आहे. पण दार बंद केल्यानं घरातली गळती थांबत नाही. शीतगृहं, प्रक्रिया, वेळेवर मिळणारं कर्ज, दुधाला बांधून दिलेला भाव, या गोष्टी 'आरसेप'नं अडवल्या नव्हत्या. बाहेर पडताना 'तयारीला वेळ हवा' हा मुद्दा खरा होता. तर मग त्या वेळात तयारी किती झाली, हे विचारायला हवं. आमच्या क्षेत्रात चालू प्रणालीतून एखादा भाग काढायचा तर तो कोणतं काम करत होता आणि ते आता कोण करणार, हे आधी लिहून ठेवावं लागतं. इथे ते कागद कुठे आहेत?

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. करार करावा की नाही, यावर प्रामाणिक माणसांचं दुमत असू शकतं. आमच्या चटईवरच पाच मतं होती. पण सात वर्षं चाललेल्या बोलण्यांचा मसुदा त्या पाचांपैकी कोणीही पाहिला नव्हता. आपल्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय करार केंद्राच्या यादीत आहेत, शेती राज्यांच्या यादीत. करार करायला किंवा सोडायला संसदेची मंजुरी लागत नाही. त्याच शरद ऋतूत ब्रिटनमध्ये काय चाललं होतं ते आठवा. युरोपीय संघातून कराराविना बाहेर पडायचं की नाही यावर घराघरांत भांडणं होती, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून पंतप्रधानांना मुदत वाढवून मागायला भाग पाडलं. त्या गोंधळाला आपण हसलो. पण तिथल्या मच्छीमाराला निदान आपला खासदार कोणत्या बाजूनं मत देतोय हे कळत होतं. तासगावच्या ज्या द्राक्षबागायतदाराचा माल युरोपला जातो, त्याला असं काय कळत होतं?

दुधाची बाजू ऐकली गेली याचं कारणही समजून घेऊ. सहकारी संघ होते, कोट्यवधी सभासद होते, आकडे तयार होते. चपलांचे छोटे दुकानदार, भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग कामगार, स्ट्रॉबेरीचे अल्पभूधारक, यांचा आवाज तसा जाऊ शकला नाही. यातल्या कितीतरी धंद्यांत आपली माणसं आहेत. आपल्या संघटना तलाक, हिजाब, मशीद या प्रश्नांवर रात्रभर जागतात. ते प्रश्न खोटे नाहीत. पण सुताच्या भावावर, आयात शुल्कावर, दुकानाच्या भाड्यावर आपलं निवेदन कधी गेलं? लोक आपल्याला फक्त धर्माबद्दल विचारतात, ही तक्रार खरी आहे. पण दुसऱ्या प्रश्नांवर आपण स्वतःहून तोंड उघडत नाही, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून मागणी साधी ठेवू. कोणत्याही व्यापार कराराचा मसुदा सहीआधी संसदीय समितीपुढे यावा. शेती राज्यांचा विषय आहे, तर राज्यांचं मत लेखी घ्यावं आणि ते प्रसिद्ध करावं. कोणत्या जिल्ह्यात कोणाचा फायदा आणि कोणाचं नुकसान, हे मराठीत, समजेल अशा भाषेत सांगावं. आणि करार मोडला किंवा सोडला, तर त्यानंतरची तयारी दरवर्षी सभागृहात मांडावी.

आपल्या हातात असलेलंही थोडं आहे. तुमच्या गावच्या ग्रामसभेला जा. व्यापारी मंडळाचे, उत्पादक संघाचे सभासद व्हा. तिथे आपल्यासारखे नसलेले लोक भेटतील, त्यांचं ऐका. मामू आणि वाईचा मित्र एकाच बाजूला होते, मी आणि अब्बा दुसऱ्या. जात, धर्म, पक्ष यांतलं काहीही त्या रेषेशी जुळत नव्हतं.

मागच्या महिन्यात मामू म्हणाले, आता पुन्हा कुठल्यातरी कराराची बोलणी चालू आहेत म्हणे, त्यात आपलं फळ आहे का बघ जरा तुझ्या मोबाईलवर. मी शोधलं. वाटाघाटीच्या फेऱ्यांच्या तारखा मिळाल्या, हस्तांदोलनाचे फोटो मिळाले. स्ट्रॉबेरीबद्दल एक ओळ मिळाली नाही. "मग आपणच पत्र लिहून विचारू," मामू म्हणाले. पत्र मराठीत लिहिलं आहे. सही मामूंची आहे, आणि खाली शेजारच्या अकरा शेतकऱ्यांच्या.