दोर फेका, उडी नको

अंधेरी सबवे दर पावसाळ्यात तुंबतो. दहिसर, पोयसर, ओशिवरा एरवी नाल्यासारख्या दिसतात आणि दोन तास कोसळलं की आपण नद्या आहोत हे दाखवून देतात. म्हणून आत्ताच एक विनंती, मुख्यतः मंडळांचे कार्यकर्ते आणि गोविंदा पथकांतल्या पोरांना: कुणी वाहून जाताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका.

पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. घोट्याच्या जरा वर आलेली धारही धडधाकट माणसाला पाडते, आणि तळातल्या सळईत पाय अडकला की तीच धार त्याला खाली दाबून धरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोक हातात हात धरून घरी पोचले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती साखळी नाल्याच्या धारेत उतरवू नका. तिथे एक घसरला तर सगळे जातात.

त्याऐवजी आधी १०१ किंवा १९१६ ला फोन. मग काठावरूनच काठी, बांबू, ओढणी, जे हाताशी असेल ते पुढे करा. विसर्जनाचा दोर प्रत्येक मंडळाकडे असतोच. त्यातला वीसेक मीटर कापून, टोकाला थोडं पाणी भरलेला, बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा कॅन बांधून गेटजवळ टांगा. फेकणाऱ्याने खाली बसून पाय रोवावेत; दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. समोरच्याने तो घट्ट धरला की प्रवाहच त्याला काठाकडे आणतो. स्वतःच पडलात तर उताणे व्हा, पावलं पुढे आणि पाण्याच्या वर ठेवा, खोल धारेत उभं राहायला जाऊ नका.

गाडीवाल्यांनो, जुलै २०१९ मध्ये मालाड सबवेत पाण्यात अडकलेल्या गाडीत दोघांचा जीव गेला. फूट-दोन फूट वाहतं पाणी गाडी उचलतं. बॅरिकेड दिसलं की वळा. अडकलातच तर पट्टा सोडा, काच उतरवा, लगेच बाहेर पडा. इंजिनाचा विचार नंतर.

आणि मॅनहोल. २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीला सापडला. पाणी ओसरावं म्हणून रहिवाशांनीच झाकण काढलं होतं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरी एमआयडीसीत एक बाई अशाच उघड्या नाल्यात गेल्या. झाकण काढायचं काम महापालिकेचं, आपलं नाही. तुमच्या गल्लीत एखादं उघडं असेल तर त्यात झाडाची फांदी खोचा, लाल कापड बांधा आणि १९१६ ला कळवा. आजच, ऊन आहे तोवर.