मुलगा कंपनीत आहे, पण परमनंट आहे का?

विष्णुपुरीत काय किंवा लातूरकडच्या एखाद्या खेड्यात काय, सोयरिकीची बोलणी निघाली की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘मुलगा पुण्याला कंपनीत आहे.’ कंपनीचं नाव मोठं असलं की पुढं कुणी विचारत नाही. पण मैत्रिणींनो, अंगातला ड्रेस कंपनीचा असला तरी नोकरी कंपनीची असेलच असं नाही!

बरेचदा पोरगा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो, नाहीतर सात महिन्यांच्या बोलीवर टेम्पररी. सातच का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम भरलं, की नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कामगाराला काढता येत नसे. म्हणून ते भरायच्या आतच ‘ब्रेक’. पोरगा गावी येतो. शेजारीण विचारते, ‘सुट्टीवर आला का?’ आई ‘हो’ म्हणते, आणि सून मनातल्या मनात किराण्याची उधारी मोजते.

मंदीची पहिली कुऱ्हाडही यांच्यावरच. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घटला, तेव्हा एकट्या मारुती सुझुकीनं सुमारे तीन हजार टेम्पररी कामगारांचे करार पुढे वाढवले नाहीत. ‘कपात’ असा शब्दही वापरावा लागला नाही. करार संपला, एवढंच!

खरं तर परमनंटचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानं अनुचित प्रथा ठरवली. पण ते कोर्टात सिद्ध करायचं तर कागद लागतो, आणि कागदच हातात नसतो.

नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं. ठराविक मुदतीच्या कामगाराला परमनंटइतकाच पगार आणि वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी मिळायला हवी. हे चांगलंच. पण मुदत संपली की घरी पाठवणं म्हणजे कपात धरली जात नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे हातात थोडे पैसे आले, भरवसा मात्र आला नाही.

मग आपण घरच्या बायकांनी काय करायचं? नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, गेटपास आणि पीएफचा यूएएन नंबर, सगळं एका फाईलीत घरी ठेवायचं. पीएफ खरंच भरला जातो का, ते मोबाईलवर बघायचं. कोऱ्या कागदावर सही करू नको, असं पोराला बजावायचं.

आणि सोयरीक जुळवताना न लाजता विचारायचं, ‘पगार कंपनी देते की ठेकेदार?’ टेम्पररी असणं हा काही मुलाचा दोष नाही, त्यासाठी स्थळ मोडूही नका. पण खरं काय ते आधी कळलं, तर हप्त्यावर गाडी घ्यायची की लेकीनं शिवणाचा क्लास पुरा करायचा, हे तरी शहाणपणानं ठरवता येईल.