मनाचे दुखणे आणि दोन खुर्च्यांची खोली

मेहरूण म्हटले की आपल्याला तलाव आठवतो आणि बोरे आठवतात. मेहरूणची बोरे बाजारात नावानिशी विकली जातात. आता मेहरूण जळगाव शहरातच मोडते. यावल, रावेर, जामनेर, चोपडा या बाजूची माणसे बाजारासाठी, कोर्टासाठी, दवाखान्यासाठी जळगावला येतात. त्यांना अलीकडे दातांच्या आणि हाडांच्या दवाखान्यांच्या पाट्यांत आणखी एक पाटी दिसते, ‘समुपदेशन’. आत काय चालते हे ठाऊक नसल्यामुळे बहुतेक जण ती पाटी वाचून पुढे जातात. काही जण मात्र पाटीखाली थांबतात आणि कोणी ओळखीचे बघत नाही ना, म्हणून मागे वळून पाहतात.

ती भीती समजण्यासारखी आहे. मनाचे दुखणे म्हटले की आपल्याकडे एकदम ‘येरवडा’ किंवा ‘ठाणे’ हे शब्द येतात. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांतले एकही नाही. त्यामुळे आपल्या भागात ही गावांची नावे चेष्टेत आणि भांडणातच जास्त वापरली गेली. झोप उडालेल्या, जीव घाबरा होणाऱ्या, सारखे रडू येणाऱ्या माणसाला मग वाटते, की आपण त्या खोलीत पाय ठेवला तर गाव आपल्याला वेडे ठरवील. आणि तो वर्ष वर्ष गप्प बसतो.

खोली अगदी साधी असते. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या किंवा बाटली. इंजेक्शन नाही, यंत्र नाही. पहिल्या भेटीत पाऊण ते एक तास लागतो, आणि त्यातला बराच वेळ समोरचा माणूस ऐकतच असतो. झोप किती वाजता मोडते, जेवण जाते का, हे कधीपासून, घरात कोण कोण, कर्ज किती, दारू आहे का, पूर्वी घरात कोणाला असा त्रास होता का, असे प्रश्न येतात. प्रश्न परके वाटले तर तसे सांगावे. चांगला समुपदेशक थांबतो. अहिराणी बोलणाऱ्या आजीला तो “काय व्हयनं ते सांगा” असेच विचारतो, पुस्तकी मराठी तिच्या गळ्यात मारत नाही.

नातेवाईकांना एक गोष्ट फार लागते. सुरुवातीला सोबत बसवून घेतात आणि मग सांगतात, “दादा, आता तुम्ही जरा बाहेर बसा.” बाप म्हणतो, पैसे मी देतो, गाडीभाडे माझे, आणि मीच बाहेर? पण लग्न होऊन दोन वर्षे झालेली सून सासूसमोर काय सांगणार? बारावीत नापास झालेला मुलगा बापासमोर काय बोलणार? तो बाहेरचा बाकडा हा उपचाराचाच भाग समजावा. आत बोललेले बाहेर जाऊ नये हा केवळ भलेपणा नाही, कायदाही आहे. मानसिक आरोग्य सेवेचा 2017 चा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला, आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगावे लागते. चांगला माणूस हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो.

नुसत्या बोलण्याने काय होते, ही शंका रास्त आहे. केळीचेच उदाहरण घेऊ. मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग एका रात्रीत आडवी होते. नुकसान ते नुकसानच, समुपदेशक ते कमी लेखत नाही. पण त्याच बांधावर दोन भाऊ उभे असतात. एक म्हणतो, “मोठा फटका बसला, आता बँकेत जाऊन बोलावे लागेल.” दुसरा म्हणतो, “माझे नाक गेले, मी घराला नालायक आहे.” वादळ एकच, पण झोप दुसऱ्याचीच उडते. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास हाच धागा धरून उपचारपद्धती उभी केली. घडलेली गोष्ट, तिच्याविषयी आपण मनाशी बोललेले वाक्य आणि त्यातून आलेला त्रास, या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायच्या. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली. तेव्हा हे काही परदेशी खूळ नव्हे. ‘मी नालायक’ हे वाक्य खरे आहे का, त्याला पुरावा काय, हे दर आठवड्याला बसून तपासायचे असते. एका बैठकीत होत नाही. सहा-आठ बैठका लागतात, कधी जास्तही.

येथे मला एक सांगावेसे वाटते. शेतकऱ्याचे मन कमकुवत झाले म्हणून हे सगळे होते, असे व्याख्यान देणारे लोक मला आवडत नाहीत. समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही आणि सोसायटीचे कर्ज फिटत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्या माणसाची झोप आधी विजेनेच मोडलेली असते. पण भाव पडलेला असताना बँकेच्या दारात जायचे, मुलीच्या शाळेचे बघायचे, तर डोके थोडे तरी शांत लागते. तेवढे काम ही खोली करते.

आता फसगत होऊ नये म्हणून. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतो, त्याने गोळ्या द्यायच्या नसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये, आपण बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचतोच. फीही आधी विचारावी. परवडत नसेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे.

छोट्या खोलीचा चांगुलपणा मी एका गोष्टीवरून ओळखतो: आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे ती धरून ठेवत नाही. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, घरचेच विष घालतील असा संशय, अंघोळ-पांघोळ सोडून कोपऱ्यात बसणे, अशा माणसाला नुसत्या बोलण्याने बरे करतो म्हणणारा भगत असो की पदवीधर, त्याच्यापासून दूर राहावे. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. देवळात जायचे तर खुशाल जावे, गोळी घेऊन जावे.

आणि एक गोष्ट उद्यावर टाकायची नाही. “माझ्यामागे तुमचे बरे होईल” असे घरातला कर्ता बोलू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस हलका होतो. फवारणीची औषधे कुलूप लावून ठेवावीत आणि किल्ली घरातील दुसऱ्याने सांभाळावी. 14416 हा सरकारचा टेली-मानस दूरध्वनी 2022 पासून सुरू आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. कोणी तसा प्रयत्न केलाच असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. वर सांगितलेल्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे आहेत.

सांभाळणाऱ्याचे काय? आपल्या धुळे जिल्ह्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि त्यांनी तो आजार वर्षानुवर्षे घरातच जवळून पाहिला. त्यांनी ते झाकून ठेवले नाही. 1997 मध्ये पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था काढली. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही एकत्र बसून बोलता यावे, हा तिच्या कामाचा मोठा भाग. 2004 साली आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामागेही तेच होते. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती गोष्ट आहे. डॉ. वाणी 2017 मध्ये गेले.

म्हणून जळगावला नवऱ्याला किंवा मुलाला घेऊन जाणाऱ्या ताईने स्वतःसाठीही दहा मिनिटे मागून घ्यावीत. रात्री तीही जागते, डोळा ठेवून ठेवून तीही थकते. जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे आणि रक्ताचे रिपोर्ट असतील तर पिशवीत घ्यावेत; थायरॉइडच्या बिघाडानेही कधी मन खचते. परतीच्या गाडीची वेळ समुपदेशकाला आधीच सांगून ठेवावी, म्हणजे निम्मे बोलणे राहून गेले असे होत नाही.