मासे हुशार झालेत म्हणे!

वांगणीला उल्हास नदीवर रविवारी गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच. "मासे लई हुशार झालेत हल्ली. गांडूळ बघतात आणि निघून जातात." मग दोष कधी पाण्याला, कधी गांडुळाला, कधी शेजारी बसून बडबडणाऱ्याला.

आता मासा शिकतो हे खरंच आहे. १९७० साली ब्यूकेमा नावाच्या संशोधकाने नेदरलँड्समध्ये कार्प मासे गळाने धरून परत तळ्यात सोडले. एकदा फसलेले मासे पुन्हा सहजासहजी गळाला लागेनात. परदेशातले ट्राउटवाले याच कारणाने बारीक दोरा, खोटी माशी असले शंभर उपाय करतात. पण तिथला मासा शिकतो, कारण त्याला बरेचदा परत सोडतात! आपल्याकडे गळाला लागलेला मासा थेट कालवणात. तो काय डोंबल शिकणार? सुटून गेलेले दोन-चार शहाणे असतीलही. बाकीचे हुशार झालेले नाहीत, ते उरलेलेच नाहीत.

का उरले नाहीत? इथे नातेवाईक मंडळींनी जरा सावरून बसावं.

जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला की मळे, शिवडे अंडी घालायला नदीतून ओहोळात आणि ओहोळातून भातखाचरात चढतात. हीच आपली लाडकी वलगण. गळातून सुटून शहाणा झालेला मासाही त्या रात्री आंधळ्यासारखा जाळ्यात शिरतो, कारण त्याला फक्त वर जायचं असतं. आपण बॅटऱ्या घेऊन ओहोळाचं तोंडच जाळ्याने बंद करतो. सकाळी फोन, "ये रे, गाबोळीवाले मासे आलेत!" त्या गाबोळीबरोबर पुढच्या सालचे किती मासे तळले, हे कुणी मोजत नाही.

"हे पूर्वीपासून चालत आलंय," असं काका म्हणतील. काका, पूर्वी नायलॉनची जाळी नव्हती, आणि व्हॉट्सॲपवर फोटो बघून बदलापूर-अंबरनाथहून लोकलने माणसं येत नव्हती. चार घरांपुरती वलगण आणि सगळ्या तालुक्याची वलगण एक नव्हे.

"आधी प्रदूषण थांबवा!" बरोबर. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल हरित लवादाने २०१५ मध्ये ९५ कोटींचा दंड ठोठावला होता, तो उगाच नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यावर आपण सगळे तावातावाने बोलतो. पण दुसऱ्याच्या पापाने आपलं ताट धुतलं जात नाही.

समुद्रावरचे कोळी बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला. त्यांचं पोट त्याच्यावर, तरी ते थांबतात. आणि आपण, ज्यांना महिन्याचा पगार बँकेत येतो, नेमके त्याच दिवसांत नदीवर तुटून पडतो! ज्या कातकरी घराची संध्याकाळची चूल पावशेर माशांवर पेटते, त्याच्याबद्दल मी बोलत नाहीये. मी तुमच्या-आमच्या हौसेबद्दल बोलतोय.

मागणं फार नाही. ओहोळाचं तोंड पूर्ण बंद करू नका, गाबोळीच्या माशाची ऑर्डर देऊ नका, आणि तसले फोटो मला पाठवू नका. वलगणीच्या जेवणाला मी येणार नाही. पावसाळा सरल्यावर बोलवा, गळ घेऊन येतो. एकही लागला नाही तरी चालेल.