खाटेवरून बांधावर



देवळाली कॅम्प म्हटले की तोफखान्याचे शिक्षणकेंद्र डोळ्यांपुढे येते. पण भगूर, लहवित, नाणेगाव, शिंगवे बहुला या बाजूच्या गावांत कामानिमित्त फिरताना आम्हाला पेन्शनीवर आलेले जवानही भेटतात. कोणी द्राक्षबाग सांभाळतो, कोणी कांदा. कोणाचा गुडघा जायबंदी झालेला असतो, तर कोणाचा पायच गेलेला असतो. देवळालीला लष्करी रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात शस्त्रक्रिया कोठे होते हे सर्वांना ठाऊक असते. टाके निघाल्यावर माणसाला पुन्हा उभे करणारा विभाग मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. या विभागाचा प्रमुख काय करतो ते आज पाहू. कारण दवाखान्यातून सुटी झाली की तेच काम आपल्या घरात कोणाला तरी करावे लागते.

चांगला प्रमुख रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो, "घरी गेल्यावर तुम्हाला कोणते काम करायचे आहे?" दुकानात बसणाऱ्याची गरज वेगळी आणि शेतकऱ्याची वेगळी. शेतकऱ्याला धार काढायला उकिडवे बसायचे असते, नांगरटीच्या ढेकळांतून चालायचे असते, दारे धरताना चिखलात पाय रोवायचा असतो. त्या कामावरून व्यायाम ठरतो. मग डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, कृत्रिम अवयव बनवणारा कारागीर आणि घरची माणसे यांना एका तासात जुंपायचे, हे प्रमुखाचे काम. एकाने ओढले आणि दुसरा बसून राहिला तर औत चालत नाही.

या कामाचा मोठा दाखला इंग्लंडमधला आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला मार लागलेला जवान बहुधा वाचत नसे. अंथरुणात पडून होणाऱ्या जखमा आणि लघवीचा संसर्ग त्याचा जीव घेत. 1944 साली स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा जवानांचा विभाग हाती घेतला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचीच, मध्यरात्री सुद्धा, असा त्यांनी दंडक घातला. पुढे खेळ हाच उपचार मानला. 1948 साली त्यांनी 16 अपंग माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

त्याच परंपरेतल्या 1972 च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले होते. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या राज्यात ही सोय जुनी आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून अपंग जवानांना हातचा धंदा शिकवत आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 चे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीलाच 1974 साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक नाव सांगायला हवे, ते जयपूर फूटचे. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी हा रबरी पाय घडवला. तो घालून अनवाणी चालता येते, ओल्या रानात जाता येते, उकिडवे बसता येते.

आता घरच्या माणसांसाठी चार गोष्टी.

पहिली, खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, कुल्ले आणि टाचा रोज पाहा. लाल चट्टा दिसला तर त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. ज्या अंगाला जाणीव नाही त्याला गरम पाण्याचा शेक देऊ नका. चटका बसलेला त्याला कळत नाही.

दुसरी, गुडघ्याखाली पाय कापला असेल तर बरे वाटावे म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका. गुडघा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. जखम भरल्यावर तो भाग रोज रात्री साबणाने धुऊन कोरडा करावा.

तिसरी, लकवा झालेल्या माणसाला लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नका. खांदा निखळतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. "तू बस बाळा, कशाला उठतोस?" असे आई मायेने म्हणते. बायको घास भरवते. भाऊ म्हणतो, शेताचे आम्ही पाहू. सहा महिन्यांत त्या माणसाचे सांधे आखडतात आणि मनही खचते. तो आपणहून जेवेल तेव्हा अर्धे सांडू द्या. कांद्याची निवड, गोठ्याचा हिशेब, रोपांच्या पिशव्या भरणे, मोटार चालू-बंद करणे, यांतले एक काम त्याच्याच नावावर ठेवा आणि ते दुसऱ्या कोणी करू नये. रोपवाटिकेतले रोप लावणीआधी आपण थोडे थोडे उन्हाला सरावतो, पाणी तोडतो. सावलीत लाडाने वाढवलेले रोप शेतात तग धरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे केवळ जवानांच्या घरापुरते नाही. कडबा कुट्टी आणि मळणीयंत्र दर हंगामात हात घेतात. सैल बाही, लोंबता पदर, हातातले कडे यंत्राजवळ नको. अडकलेली पेंढी यंत्र बंद केल्याशिवाय काढू नका. मळणीयंत्रासाठी 1983 पासून कायदा आहे, पण कायदा बोट परत देत नाही.

आपल्या घरी किंवा शेजारी असा कोणी खाटेवर असेल, तर जिल्हा रुग्णालयात व्यायामोपचाराची चौकशी करा. शिकवलेले व्यायाम घरातल्या एकाने नीट पाहून घ्या आणि रोज ठरल्या वेळी करून घ्या. धारेची वेळ जशी आपण चुकवत नाही, तशी हीही चुकवू नका.